चौथ्या दिवशी सर्किट का सुटतं, आणि शुक्रवारच्या रिपोर्टमध्ये ते का दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा. पदवीच्या सहा जणांची टीम आहे. ई. कोलाय या जीवाणूत लक्सआय (संदेश बनवणारा जीन) आणि लक्सआर (तो ओळखणारा) वापरून लोकसंख्या-नियंत्रणाचं सर्किट, म्हणजे एकमेकांना चालू-बंद करणाऱ्या जीनांची जोडणी, बसवलंय: पेशी वाढल्या की एएचएल हा संदेशरेणू साठतो, तो पुरेसा साठला की सीसीडीबी हे मारक प्रथिन आणि सोबत जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन बनतं, काही पेशी मरतात आणि कल्चरची (माध्यमात वाढवलेल्या पेशींची) घनता एका पातळीवर थांबते. सर्किट आयपीटीजी हे रसायन घातल्यावर चालू होतं. पहिले दोन दिवस घनता थांबते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कल्चर साध्या ई. कोलायसारखं वाढायला लागतं, म्हणजे सर्किटच्या ताब्यातून सुटतं. जीएफपीची दोन जणांची रीडिंग्ज जुळत नाहीत. गाईड दर शुक्रवारी रिपोर्ट घेतात, शीटमध्ये सगळं ‘झालं’ असतं, तरी बिघाड कळायला दहा दिवस गेले. आता टीममध्ये दोन मतं आहेत: देखरेख कडक करा, नाहीतर सर्किटच बदला.

माझं मत आधी सांगतो. दोन्ही गोष्टी आत्ता करू नका. तुमच्याकडे देखरेख कमी नाही, ती चुकीच्या जागी आहे. कल्चरमध्ये तुम्ही ओडी, म्हणजे गढूळपणावरून काढलेली घनता, मोजताय आणि टीममध्ये ‘झालं’ मोजताय. बिघाड पूर्ण झाल्यावरच हे दोन्ही आकडे हलतात. त्याआधी बरेच तास, बरेच दिवस, ते अगदी शांत असतात. कडक देखरेख म्हणजे तेच आकडे आणखी वेळा मोजणं, आणि त्याने काहीही लवकर कळणार नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत: प्लाझमिड (सर्किट वाहणारं गोल डीएनए) पेशीत किती कॉपींचं आहे, ई. कोलायचा कोणता स्ट्रेन (वाण), माध्यमात पीएच स्थिर ठेवणारा बफर आहे का, रोज किती पट डायल्युट करता, प्लेट रीडर (अनेक नमुन्यांची ओडी आणि चमक मोजणारं यंत्र) स्वतःचा आहे की दुसऱ्या विभागाकडून तासाभरासाठी मागून घ्यावा लागतो. खालचे आकडे रोज १:१०० डायल्युट होणाऱ्या ५ मिलि कल्चरसाठी धरले आहेत. तुमचं वेगळं असेल तर आकडे बदलतील, तर्क बदलणार नाही.

आधी हिशोब करू, कारण तो केल्याशिवाय ओडी का फसवतो ते पटत नाही. ५ मिलिमध्ये, मिलिलिटरला १०० कोटी पेशी धरल्या, तर एकूण ५०० कोटी पेशी. ई. कोलायमध्ये डीएनएच्या एका बेसला (एका अक्षराला) एका पिढीत म्युटेशन होण्याची शक्यता ५०० कोटींत एक, या पातळीची असते. सीसीडीबीचा जीन साधारण ३०० बेसचा. म्हणजे अशा एका कल्चरमध्ये प्रत्येक पिढीत त्या जीनमध्ये कुठे ना कुठे बदल झालेल्या काहीशे पेशी जन्माला येतात. सगळे बदल जीन निकामी करत नाहीत, पण दहातला एक जरी करत असेल तरी तीसेक सुटलेल्या, म्हणजे सर्किट ज्यांना मारू शकत नाही अशा, पेशी झाल्या. त्यात प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा भाग) बिघडणं, लक्सआर बिघडणं, ट्रान्सपोझॉन (जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) मध्येच येऊन बसणं आणि सीसीडीबी ज्यावर हल्ला करतं त्या पेशीच्या स्वतःच्या गायरेज या एन्झाइममध्ये बदल होऊन सीसीडीबीला दाद न देणं, हे अजून धरलेलं नाही. जास्त कॉपींच्या प्लाझमिडवर एक कॉपी बिघडून लगेच सुटका होत नाही, बाकीच्या कॉपी मारतच राहतात, त्यामुळे थोडा उशीर होतो. पण उशीरच होतो.

आता सुटलेली एकच पेशी घ्या. बाकीची लोकसंख्या सर्किटने थांबवून ठेवलेली आहे, ही मात्र ३० मिनिटांत दुप्पट होते. एकापासून ५०० कोटींपर्यंत जायला ३२ दुपटी लागतात, म्हणजे १६ तास. यात मेख अशी की शेवटच्या सात दुपटींआधी या पेशी एकूण लोकसंख्येच्या १ टक्काही नसतात. म्हणजे १६ पैकी पहिले साडेबारा तास ओडीचा आलेख एकदम व्यवस्थित दिसतो आणि उरलेल्या साडेतीन तासांत सगळं हातातून जातं. संध्याकाळी सहाला रीडिंग घेऊन घरी गेलात आणि सकाळी दहाला आलात, तर तुमच्या दृष्टीने सर्किट ‘अचानक’ बंद पडलं. प्रत्यक्षात तुम्ही सहाला रीडिंग घेतलंत तेव्हाच ते हरलेलं असू शकतं.

म्हणून ओडी ठेवा, पण इशारा म्हणून त्याच्याकडे पाहू नका. इशारा देणारं मोजमाप वेगळं आहे आणि ते स्वस्त आहे. अगार प्लेटमध्ये नेहमीचं अँटिबायोटिक, आयपीटीजी आणि १ मायक्रोमोलर ३-ऑक्सो-सी६-एएचएल (लक्सआय बनवतं तोच एएचएल) घाला. या प्लेटवर सर्किट पूर्ण चालू असतं, म्हणून ज्यांचं सर्किट शाबूत आहे त्या पेशींची वसाहत होत नाही. होते ती सुटलेल्यांचीच. रोज कल्चरचे १०० मायक्रोलिटर थेट आणि १०० मायक्रोलिटर हजारपट डायल्युट करून या प्लेटवर पसरा. त्याच वेळी आयपीटीजी-एएचएल नसलेल्या साध्या प्लेटवर एकूण जिवंत पेशी मोजा. तिथे १० लाख पट डायल्युशनच्या आसपास ३० ते ३०० वसाहती मिळाल्या पाहिजेत. दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे सुटलेल्यांचं प्रमाण. कोटीत एक पेशी सुटली असेल तरी ती इथे दिसते, ओडीला शंभरात एक झाल्यावरही दिसत नाही. पहिल्या दिवशी ग्लिसरॉल स्टॉकमधून (गोठवून ठेवलेल्या मूळ पेशींतून) थेट काढलेल्या कल्चरची हीच मोजणी करून ठेवा. तिथेच प्रमाण हजारात एक निघालं तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही, स्टॉकच आधीपासून सुटलेला आहे. असं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं, कारण आयपीटीजी नसतानाही प्रमोटर थोडा गळतो आणि ओव्हरनाइट कल्चरमध्ये एएचएल भरपूर साठतं. ओव्हरनाइट लावताना माध्यमात १ टक्का ग्लुकोज घाला, आयपीटीजीने चालू होणारा लॅक प्रमोटर दबलेला राहतो. आणि लॅकआय (हा प्रमोटर दाबणारं प्रथिन) जास्त बनवणारा स्ट्रेन वापरा.

हे मोजमाप नसल्यामुळे तुम्ही ‘सर्किट खराब’ म्हणताय. पण घनता सुटण्याची निदान चार वेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. चौथ्या दिवसाचं कल्चर फेकलं नसेल तर त्यातलं थोडं प्लेटवर रेघांनी पसरून (स्ट्रीक करून) आठ वसाहती उचला. प्रत्येकीचं छोटं कल्चर आयपीटीजीसह लावा, एकात एएचएल न घालता आणि एकात १ मायक्रोमोलर घालून. बाहेरून एएचएल दिल्यावर पेशी मरत असतील तर मारक भाग शाबूत आहे. मग बिघाड लक्सआयमध्ये आहे किंवा एएचएल टिकत नाहीये. एएचएल देऊनही मरत नसतील तर लक्सआर, प्रमोटर, सीसीडीबी किंवा पेशीचं गायरेज, यांपैकी काहीतरी गेलं. हे वेगळं करायला त्यांचं प्लाझमिड काढा आणि ताज्या, कधीही सर्किट न पाहिलेल्या पेशींत टाका. तिथे पुन्हा चाललं तर दोष जुन्या पेशींच्या गुणसूत्रात होता, नाही चाललं तर प्लाझमिडमध्ये. मगच सिक्वेन्सिंगला पाठवा. आधीच आठही नमुने पाठवून पैसे घालवू नका. आणि आठपैकी आठ वसाहती एएचएल दिल्यावर व्यवस्थित मरत असतील, तर मारक भाग कुणाचाच बिघडलेला नाही. मग आधी पीएच पाहा.

पीएचकडे टीमचं लक्ष हमखास जात नाही. बफर नसलेल्या एलबी या नेहमीच्या माध्यमात ई. कोलाय अमिनो आम्लं खातो, अमोनिया सोडतो, आणि रात्रभरात माध्यम अल्कधर्मी होतं. एएचएलचं लॅक्टोन वलय अल्कधर्मी माध्यमात फुटतं, आणि पीएच एकाने वाढला की फुटण्याचा वेग साधारण दहापट होतो. पीएच ७ ला दिवसभर टिकणारा संदेश ८ ला काही तासांत अर्धा होतो. पेशी संदेश पाठवताहेत, ऐकूही शकताहेत, पण संदेश पोचेपर्यंत उरत नाही. हे सर्किट पहिल्यांदा २००४ साली लिंगचाँग यू, रॉबर्ट कॉक्स, रॉन वाइस आणि फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं, तेव्हा त्यांनी याच गुणधर्माचा उपयोग करून घेतला होता: पीएच बदलून एएचएलचं आयुष्य बदलायचं आणि त्यातून कल्चर कोणत्या घनतेवर थांबेल ते ठरवायचं. म्हणजे पीएच हा तुमच्या सर्किटचा नियंत्रक खुंटा आहे, आणि तो तुम्ही मोकळा सोडलाय. माध्यमात १०० मिलिमोलर मॉप्स हा बफर घालून पीएच ७ वर बांधा, आणि रोजच्या मोजणीत पीएच पट्टीचं एक रीडिंग घ्या.

टिकाऊपणाबद्दल एक गोष्ट स्पष्ट ठेवा. फ्रेडरिक बालागाद्दे, स्टीफन क्वेक आणि सहकाऱ्यांनी २००५ साली हेच सर्किट शेकडो तास पाहिलं, पण ते १६ नॅनोलिटरच्या मायक्रोकेमोस्टॅटमध्ये (चिपवरच्या इवल्याशा कल्चर-कक्षात). तिथे एका वेळी पेशी फार तर हजारांच्या घरात असतात, म्हणून सुटलेली पेशी जन्माला येण्याची शक्यताच कमी. त्यांचे आलेख पाहून ५ मिलिच्या नळीत तेवढं चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. तुमच्याकडे तशी चिप नसणार, पण ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटरवर आलात तर पेशी २५ पट कमी होतात, आणि एकाऐवजी २४ स्वतंत्र कल्चरं मिळतात. त्यांतली काही लवकर सुटतील, काही उशिरा. कोणती किती तासांनी सुटली याचा आलेख हा एका नळीच्या ‘चाललं’ किंवा ‘नाही चाललं’पेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

आता जीएफपीची न जुळणारी रीडिंग्ज. यात बॅक्टेरियाचा दोष किती आणि माणसांचा किती, हे आज तुम्हाला सांगताच येणार नाही, कारण दोघांनाही समान असा संदर्भ नाही. तीन गोष्टी करा. एक, फ्लुओरेसिन या चमकणाऱ्या रंगद्रव्याची मालिका: पीबीएस या क्षार-द्रावणात १० मायक्रोमोलरपासून प्रत्येक वेळी निम्मं करत अकरा पायऱ्या, बारावा वेल नुसता पीबीएस, प्रत्येकी १०० मायक्रोलिटर. ही प्लेट रीडरवर वाचली की तुमचे ‘अर्बिट्ररी युनिट’ फ्लुओरेसिनच्या मापात बदलता येतात, आणि दोन दिवसांची, दोन यंत्रांची तुलना होऊ शकते. गेन (रीडर चमक किती वाढवून वाचतो ते) एकदा ठरवा आणि कुलूप लावल्यासारखा ठेवा; ‘ऑटो गेन’वर घेतलेली दोन रीडिंग्ज एकमेकांशी लावताच येत नाहीत. दोन, प्रत्येक प्लेटवर चार ठरलेले वेल: नुसतं माध्यम, प्लाझमिड नसलेल्या पेशी, रिकामं प्लाझमिड असलेल्या पेशी आणि सतत जीएफपी बनवणारा स्ट्रेन. तीन, आठवड्यातून एकदा दोघांनी एकाच कल्चरमधून, एकाच प्लेटवर, आपापल्या हाताने हा सतत चमकणारा स्ट्रेन भरायचा. तिथेही २० टक्क्यांचा फरक आला तर प्रश्न पिपेटिंगचा किंवा पिपेटच्या कॅलिब्रेशनचा आहे. तिथे जुळलं आणि तुमच्या सर्किटवर नाही जुळलं, तर फरक खरा आहे, पेशींमध्ये आहे. सतत चमकणारा स्ट्रेन हा इथे माणसांचाही कंट्रोल आहे, आणि तो कुणावरही बोट न दाखवता उत्तर देतो.

ओडीबद्दल दोन इशारे. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ०.४-०.५ च्या वर रीडिंग सरळ रेषेत राहत नाही, डायल्युट करून वाचा. आणि प्लेट रीडरमध्ये २०० मायक्रोलिटरचा प्रकाशमार्ग १ सेंटिमीटर नसतो, त्यामुळे क्युव्हेटचा आकडा आणि प्लेटचा आकडा एकाच रकान्यात लिहू नका. तुमच्या सर्किटसाठी तिसरा इशारा सगळ्यात महत्त्वाचा: ओडी मेलेल्या पेशीही मोजतो, आणि सीसीडीबीने डीएनए तुटलेल्या पेशी न विभागता लांबच लांब होत जातात. म्हणजे पेशी मरत असताना ओडी वाढू शकतो. नियंत्रण चाललंय की नाही हे फक्त जिवंत पेशींच्या मोजणीतूनच ठरवा. रात्रभर प्लेट रीडर चालवणार असाल तर कडेच्या वेलमध्ये पाणी भरा. कडेचं बाष्पीभवन जास्त असतं आणि ती ‘वाढ’ बऱ्याचदा नुसती आटलेल्या माध्यमाची असते.

इथून टीमकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नात खरं दुखणं तिथे आहे. पेशींवर सर्किटचा भार असतो, तो टाकून देणारी पेशी जिंकते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये फ्रान्चेस्का चेरोनी आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली हा भार मोजायची सोपी पद्धत दाखवली: पेशीच्या गुणसूत्रात सतत चालणारा जीएफपी ठेवायचा, आणि बाहेरून घातलेलं सर्किट चालू केल्यावर त्याचं उत्पादन किती घसरतं ते पाहायचं. घसरण मोठी असेल तर ते डिझाइन टिकणार नाही. २०१८ साली त्याच गटाने याच्या पुढे जाऊन भार जाणवला की सर्किट स्वतःच आपलं उत्पादन कमी करेल अशी रचना केली. नियंत्रणाचा भार मोजा आणि तो जिथे टाळता येईल तिथे टाळा, ही गोष्ट टीमच्या देखरेखीलाही अक्षरशः लागू पडते.

सध्याच्या शीटचा भार मोजून पाहा. एका प्रयोगामागे किती रकाने, ते भरायला किती मिनिटं, आणि त्यातला कोणता रकाना वाचून आजवर कुणी काही निर्णय घेतला? शीटची आवृत्ती-नोंद उघडा. सोमवार ते गुरुवारच्या नोंदी शुक्रवारी दुपारी एकाच बैठकीत भरलेल्या दिसल्या, तर देखरेखीतून लोक सुटलेले आहेत. ते अप्रामाणिक आहेत म्हणून नव्हे. हातात ग्लोव्ह, समोर फ्लेम आणि शीट लॅपटॉपवर बाहेरच्या खोलीत, अशी रचना असली की नोंद नंतरच होणार, आणि नंतरची नोंद आठवणीतून, म्हणजे ठरल्याप्रमाणे झालं असं धरून होणार. इथे रोज दोन रिपोर्ट मागितले तर आठवणीतून भरलेल्या नोंदी दुप्पट होतील, बाकी काही नाही. पेशी आणि माणसं यांच्यातला फरक इथे कामी येतो: सुटलेल्या पेशीला कारण विचारता येत नाही, माणसाला येतं. विचारा, कोणता रकाना भरायला जड जातो.

मी टीमना नोंदीसाठी पाच गोष्टींपलीकडे काही मागायला सांगत नाही: स्ट्रेनचा क्रमांक, कोणत्या ग्लिसरॉल स्टॉकमधून आणि कितव्या डायल्युशनला, वेळ, आकडा, आणि ठरल्यापेक्षा काय वेगळं झालं. पाचवा रकाना सर्वांत मौल्यवान. ‘इन्क्युबेटर सकाळी ३२ अंशांवर होता, रात्री लाइट गेली असावी’ ही ओळ दहा ‘झालं’पेक्षा जास्त सांगते. हे बेंचवर, छापील वहीत, पेनाने. संध्याकाळी कुणीतरी एकाने फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. ट्यूबवर मार्करने लिहिलेलं ७० टक्के इथेनॉलने पुसलं जातं, म्हणून लेबल चिकटपट्टीवर आणि बाजूलाही, फक्त झाकणावर नको, झाकणं बदलतात.

मग टीममध्ये इशारा देणारं मोजमाप कोणतं? तुमच्या कामात तीन पुरेत. प्रयोग झाला ती वेळ आणि नोंद झाली ती वेळ यांतलं अंतर. फ्रिजमध्ये लेबल नसलेल्या किंवा मालक नसलेल्या ट्यूबची संख्या. आणि सतत चमकणाऱ्या स्ट्रेनचं रीडिंग आठवड्यागणिक किती सरकतंय. या तिन्ही गोष्टी रिझल्ट बिघडायच्या आधी हलतात. नोंदीचं अंतर दोन तासांवरून दोन दिवसांवर गेलं तर टीम थकली आहे किंवा परीक्षा जवळ आली आहे, आणि चूक अजून झालेली नसली तरी वाटेवर आहे.

मोजण्याचा वेग ठरवताना बदलाचा वेग पाहा. जीएफपीसारखं स्थिर प्रथिन पेशीत मोडत नाही, फक्त विभाजनाने वाटलं जातं, म्हणून इंड्युसर (जीन चालू करणारं रसायन, इथे आयपीटीजी) काढल्यावर त्याची पातळी निम्मी व्हायला एक पूर्ण पिढी लागते. शिवाय जीएफपीला चमकण्याआधी घडी बसायला आणि ऑक्सिजनशी क्रिया व्हायला वेळ लागतो. ट्यूब गच्च भरून झाकण घट्ट लावलंत तर ऑक्सिजनअभावी प्रथिन असूनही चमक येत नाही. त्यामुळे इंड्युसर बदलून दहा मिनिटांत रीडिंग घेणं व्यर्थ आहे, आणि चोवीस तासांनी घेणंही व्यर्थ, कारण तोवर पाहायचं ते होऊन गेलेलं असतं. दर १० मिनिटांनी यंत्राने, आणि जिवंत पेशींची मोजणी दर चार-सहा तासांनी, हे योग्य. टीमच्या बाबतीत: कल्चर रोज बदलतं, म्हणून रोज दहा मिनिटं बेंचशेजारी उभं राहून बोलायचं. सिक्वेन्सिंगला आठवडा लागतो, म्हणून त्याची चौकशी रोज करायची नाही.

उशीर आणि जोर यांचं गणित दोन्हीकडे सारखंच आहे. बातमी उशिरा आली आणि प्रतिसाद जोरदार असेल, तर नियंत्रणाखालची गोष्ट स्थिर होत नाही, हेलकावे खाते. २००५ च्या त्या मायक्रोकेमोस्टॅटमध्ये पेशींची घनता नेमकी अशीच टिकून वरखाली होत राहिली: एएचएल साठायला वेळ, मारक प्रथिन बनायला वेळ, आणि एकदा बनलं की ते लगेच जात नाही, म्हणून घनता खाली जाऊनही मरण चालूच. तुमच्याकडे दहा दिवस कुणाला काही कळलं नाही, आणि कळल्यावर एका दिवसात माध्यम, इंड्युसरचं प्रमाण आणि काम करणारी माणसं बदलली गेली, असं तुम्ही लिहिलंय. आता पुढचा निकाल चांगला येवो वा वाईट, कशामुळे आला ते कळणार नाही. गाईडना हे नम्रपणे पण स्पष्ट सांगा: सर, एका फेरीत एकच बदल, आणि त्याच्या दोन फेऱ्या झाल्याशिवाय पुढचा नाही. गाईडना सहसा टीमला झोडायचं नसतं. आठवडाभराची पोकळी एका भेटीत भरून काढायची असते. रोजचा वहीचा फोटो त्यांनाही दिसू लागला की शुक्रवारचा जोर आपोआप उतरतो.

नियंत्रण कुणाकडे असावं, यावर दोन्ही क्षेत्रांत दोन घराणी आहेत. ईटीएच झुरिक या स्विस विद्यापीठात मुस्तफा खमाश यांच्या गटाने २०१६ साली ई. कोलायचं कल्चर संगणकाला जोडलं: चमक मोजायची, गणित करायचं, त्यानुसार हिरवा-लाल प्रकाश टाकून जीन वर-खाली करायचा. नियंत्रक पेशीच्या बाहेर. तुमचं सर्किट उलट्या प्रकारचं: प्रत्येक पेशी आजूबाजूची सरासरी घनता जाणते आणि स्वतः वागते. टीमच्या अभ्यासातही एदुआर्दो सालस आणि सहकाऱ्यांनी २००५ साली चांगल्या टीमचे जे पाच घटक मांडले, त्यांत नेतृत्वाच्या बरोबरीने सहकाऱ्यांनी एकमेकांच्या कामावर ठेवलेलं लक्ष आणि अडलेल्याला वेळेवर दिलेला हात हे दोन आहेत. सहा जणांच्या, रात्री-बेरात्री काम चालणाऱ्या टीमला मी दुसरा मार्ग सुचवेन. त्यासाठी कामाची वाटणी बदला. ‘पीसीआर तिचा, ओडी त्याचा’ अशी वाटणी असली की कल्चर कुणाचंच नसतं. त्याऐवजी एका कल्चरचा चोवीस तासांचा एक मालक आणि एक जोडीदार ठेवा. दुसऱ्या दिवशी हस्तांतर करताना ट्यूब हातात देऊन, वही दाखवून, पाचव्या रकान्यातलं तोंडी सांगून द्यायचं. जोडीदाराला एकच अधिकार द्या: ‘थांब, हे चुकतंय’ म्हणायचा. तो वरिष्ठ नसला तरी.

एका बाबतीत मात्र कुठल्याही सर्किटवर विसंबू नका, ती म्हणजे जैवसुरक्षा. मारक सर्किट आहे म्हणून कल्चर सुरक्षित, असं तुमच्या मजकुरात एका वाक्यात आलंय, ते काढून टाका. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेची कसोटी १० कोटींत एकापेक्षा कमी पेशी सुटाव्यात अशी आहे. ती पार केली तरी तुमच्या ५ मिलिमध्ये ५० पेशी जिवंत राहू शकतात, आणि तुमचं सर्किट ती कसोटी पार करत नाही हे चौथा दिवस सांगतोच आहे. कचरा १२१ अंशांवर, १५ पीएसआयला, निदान ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. पिशव्या गच्च भरू नका, वाफ आत जात नाही. ऑटोक्लेव्ह टेपवरच्या रेषा फक्त उष्णता लागल्याचं सांगतात, जंतू मेल्याचं नाही. त्यासाठी ठरावीक काळाने जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची चाचणी लावा. सांडलेल्यावर ताजं १० टक्के ब्लीच, अर्धा तास. आणि प्रकल्पाची नोंद संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे आहे ना, ते आजच पाहा.

पुढच्या दोन आठवड्यांसाठी क्रम असा ठेवा. पहिले तीन दिवस नवीन काहीही बांधू नका. प्लाझमिड ताज्या पेशींत टाका, ग्लुकोजच्या प्लेटवर वाढवा, सहा वसाहतींचे ग्लिसरॉल स्टॉक करून उणे ८० ला ठेवा, प्रत्येकाचं सुटलेल्यांचं मूळ प्रमाण मोजा आणि सर्वांत कमी असलेले दोन निवडा. यापुढे प्रत्येक प्रयोग या स्टॉकपासून. कालच्या कल्चरमधून आजचं लावायचं नाही. चौथ्या दिवशी फ्लुओरेसिन आणि दोघांची समांतर प्लेट. मग मॉप्स घातलेल्या माध्यमात २४ वेलचं ७२ तासांचं निरीक्षण, दर बारा तासांनी सुटलेल्यांची प्लेट. त्याआधीच, सगळ्यांसमोर, निर्णयाचे आकडे लिहून ठेवा: प्रमाण लाखात एकच्या वर गेलं की त्या वेलचं पुढचं वाचन निष्कर्षात धरायचं नाही. ७२ तासांत निम्म्याहून जास्त वेल सुटले तर मारक जीनची दुसरी, वेगळ्या क्रमाची प्रत गुणसूत्रात बसवायचा विचार करायचा. कमी सुटले तर सर्किटला हात लावायचा नाही.

आणि सगळं करूनही ३० तासांनी सुटायला लागलं, तर ‘आमचं सर्किट बफर असलेल्या माध्यमात, २०० मायक्रोलिटरमध्ये, ३० तास नियंत्रण ठेवतं, त्यानंतर या प्रकारच्या म्युटेशनने सुटतं’ हे वाक्य आकड्यांसह रिपोर्टमध्ये टाका. परीक्षक त्यावर चार चांगले प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरं तुमच्या वहीच्या पाचव्या रकान्यात असतील याची काळजी मात्र आजपासून घ्या.